समुद्रात सांडलेलं तेल नेमकं कुणाचं? (बोर्डीहून परतलेल्या नाशिककराचा भाबडा प्रश्न)

गोदाकाठची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

गेल्या आठवड्यात त्र्यंबक-जव्हार करत बोर्डीला जाऊन आलो. शाळेला सुट्टी, इकडे सिंहस्थाच्या कामांनी रस्ते उकरून ठेवलेले. म्हटलं दोन दिवस समुद्र बघू. पहिल्याच संध्याकाळी लेक पाण्यातून लंगडी घालत आली. टाचेला काळं, चिकट, डांबरासारखं काहीतरी. वाळूत बघितलं तर तसेच गोळे पडलेले, कुठे वाटाण्याएवढे, कुठे लिंबाएवढे. साबणाने निघेना. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंनी खोबरेल तेलाची वाटी आणली आणि "पावसाच्या तोंडावर दरवर्षी येतं गं हे" म्हणत स्वतःच चोळून काढलं. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. मला वाटलं.

मी पडले मास्तरीण, गप्प बसवेना. दुसऱ्या दिवशी दोन सरकारी कार्यालयांत फोन केले. पहिल्यातले साहेब म्हणाले, तेल समुद्रातलं आहे, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्यातले म्हणाले, वाळूवर आलंय ना, मग ते आता समुद्रातलं राहिलं नाही. तिसरा फोन केला नाही.

तर जाणकारांनी सांगावं: समुद्रात तेल सांडलं की ते कुणाचं? मोजतं कोण, उचलतं कोण, भरपाई कोण देतं? इथे ओएनजीसीत, बोटीवर, कोर्टात असलेली मंडळी आहेत म्हणून विचारतेय. एक गोळा चिवड्याच्या रिकाम्या डबीत भरून आणलाय.

---

वाचनमात्र

वाचतोय. चिवड्याची डबी वाचून फुटलो.

---

इंजिनरूम

ताई, हे डांबर नव्हे, टारबॉल. कच्चं तेल किंवा जहाजाचं जड इंधन पाण्यावर पसरलं की हलका भाग काही दिवसांत उडून जातो. उरलेला गाळ लाटांनी घुसळून घुसळून घट्ट होतो, त्यात वाळू मिसळते, आणि नैऋत्येचा वारा सुटला की सगळं आपल्या किनाऱ्यावर. म्हणून काकू म्हणतात "पावसाच्या तोंडावर". गुजरात, पालघर, रायगड, गोवा, मे महिन्यापासून सगळीकडे हीच रड.

आता थोडं आमच्या धंद्याचं पाप. मी नाशिकरोडचा, बावीस वर्षं जहाजावर, इंजिन विभागात. इंजिनरूमच्या तळाशी पाणी, तेल, ग्रीस असं सगळं साचत राहतं, त्याला बिल्ज म्हणतात. मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की हे पाणी सेपरेटरमधून (तेल-पाणी वेगळं करणारं यंत्र) काढा, तेलाचं प्रमाण १५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत १५) वर गेलं तर बाहेर सोडू नका, आणि प्रत्येक वेळची नोंद ऑइल रेकॉर्ड बुकात सहीनिशी करा. तेलवाहू जहाजांनी टाक्या धुतल्यावरचं पाणी सोडायचं तर किनाऱ्यापासून ५० सागरी मैलांच्या पलीकडे, आणि तेही मैलामागे ३० लिटर तेलापेक्षा जास्त नाही. कागदावर उत्तम.

प्रत्यक्षात सेपरेटर तुंबतो. फिल्टर महाग. गाळ बंदरात द्यायचा तर पैसे पडतात आणि वेळ जातो. मग रात्री एक तात्पुरता पाइप जोडला जातो, सेपरेटरला बगल देऊन सरळ समुद्रात. बोटीवरच्या भाषेत "मॅजिक पाइप". मी एका जहाजावर नवीन रुजू झालो तेव्हा (कंपनीचं नाव विचारू नका) ओव्हरबोर्ड लाइनच्या फ्लँजकडे, म्हणजे पाणी समुद्रात सोडणाऱ्या पाइपच्या जोडाकडे, सहज लक्ष गेलं. आजूबाजूच्या सगळ्या नटबोल्टवर रंगाचे थरावर थर, जुने, गुळगुळीत. या चार बोल्टच्या कडांवर मात्र रंग तडकलेला, खाली चकचकीत लोखंड. पाना कधी लागला होता ते बोल्टच सांगत होते. रेकॉर्ड बुकात अर्थात सगळं आलबेल.

अमेरिकेत असं पकडलं तर कंपनीला जबर दंड होतो, आणि माहिती देणाऱ्या खलाशाला त्या दंडाच्या निम्म्यापर्यंत बक्षीस मिळू शकतं. त्यामुळे तिकडच्या बंदरात शिरण्याआधी सगळ्यांचे पाइप आपोआप गायब होतात.

---

सीबीएसचा_वकील

गोदाकाठचीताई, गंमत अशी की ज्या दोन साहेबांनी तुम्हाला टोलवलं ते दोघंही अर्धे बरोबर होते.

आपल्याकडे राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा आहे, १९९६ चा, नंतर सुधारलेला. त्यात समन्वयाचं काम भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. पण वाटणी अशी: बंदराच्या हद्दीत सांडलं तर बंदराने बघायचं. तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरच्या आत सांडलं तर तेल कंपनीने. बाकी खुल्या समुद्रात तटरक्षक दलाने. आणि किनाऱ्याला लागलं की राज्य सरकारने, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, नगरपालिका, ग्रामपंचायत. तेल मात्र या चारही हद्दी एकाच भरतीत ओलांडतं.

गळतीच्या पायऱ्याही ठरलेल्या आहेत. ७०० टनांपर्यंत पहिली पायरी, म्हणजे स्थानिक साधनांनी निस्तरा. ७०० ते १०,००० टन दुसरी. त्यापुढे तिसरी, तेव्हा देशभरातून आणि गरज पडली तर बाहेरून मदत मागवायची. तटरक्षक दलाची प्रदूषण प्रतिसाद केंद्रं मुंबई, चेन्नई, पोर्ट ब्लेअर आणि वाडीनार इथे आहेत. तेल पाण्यात दिसत असेल तर पुढच्या वेळी १५५४ फिरवा, तो तटरक्षक दलाचाच क्रमांक आहे.

भरपाईचं नंतर लिहितो, आज बोर्डावर चार मॅटर आहेत.

---

सडेतोड

आता सगळे समुद्राच्या नावाने गळे काढणार. देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. घरचं तेल काढायला गेलं की परवाने, जनसुनावणी, हरित लवाद. बोर्डीला गेलात ती गाडी पाण्यावर चालली का? चार गोळे वाळूत दिसले म्हणून लगेच नियमांची लांबण नको. नियम कमी करा, तेल काढा, खलास.

---

चौदा_दिवस

सडेतोडसाहेब, मी तेच तेल काढतो. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस इंदिरानगरला. सध्या घरी आहे म्हणून सवडीने लिहितो, लांबण लागली तर माफी.

नियम कुठून येतात ते सांगतो. २७ जुलै २००५. आदल्या दिवशी मुंबई पाण्यात बुडालेली सगळ्यांना आठवते, म्हणून दुसऱ्या दिवशीचं कुणाला आठवत नाही. मुंबई हाय नॉर्थच्या प्लॅटफॉर्मजवळ समुद्र सुरक्षा नावाचं सहायक जहाज होतं. त्यावरच्या एका आचाऱ्याची बोटं कापली गेली. हवा खराब, हेलिकॉप्टर येईना. मग जखमी माणसाला क्रेनच्या बास्केटमधून प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. त्यासाठी जहाज जवळ आणताना ते लाटांवर हेलकावलं आणि प्लॅटफॉर्मच्या रायझरवर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळावरून तेल-वायू वर आणणारा उभा पाइप. वायू सुटला, पेटला, आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म वितळून पाण्यात. २२ माणसं गेली. ३६२ वाचली, तीही खवळलेल्या समुद्रातून.

समुद्रातल्या तेलकामाच्या सुरक्षेचे आपले स्वतंत्र नियम २००८ चे. त्याआधी काहीच नव्हतं असं नाही, पण आज आम्हाला जे कागद दाखवावे लागतात त्यातले बरेच त्यानंतरचे. रायझर प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या अंगाला उघडा असावा का, जहाजाने कुठल्या बाजूने लागावं, किती लाटेत लागूच नये, यातली एकेक ओळ मला तरी नुसती ओळ वाटत नाही.

आता २० एप्रिल २०१०, मेक्सिकोचं आखात, डीपवॉटर होरायझन. तिथे कंपनीचे वरिष्ठ त्याच दिवशी रिगवर आले होते, सात वर्षं मोठा अपघात नाही म्हणून पाठ थोपटायला. विहीर खोदून झाली होती, तात्पुरती बंद करायचं काम चालू. त्यासाठी एक चाचणी असते: वरचा दाब कमी करायचा आणि खालून काही वर येतंय का बघायचं. काही आलं नाही तर सिमेंट धरलंय. त्या संध्याकाळी ड्रिलपाइपवर १,४०० पीएसआय दाब दिसत होता. शेजारच्या किल लाइनवर, म्हणजे विहिरीत उतरणाऱ्या बाजूच्या पाइपवर, शून्य. दोन्ही तळाशी एकाच ठिकाणी जोडलेले, मग दोन आकडे कसे? कुणीतरी म्हणालं, हा "ब्लॅडर इफेक्ट" आहे, वरच्या जड मडचा (खोदताना विहिरीत भरलेला पातळ चिखल) दाब खाली जाणवतोय. असा काही इफेक्ट नसतो. पण बाकीच्यांनी मान डोलावली आणि शून्यवाला आकडा खरा धरला. काही तासांत ११ माणसं गेली. सुमारे दीड हजार मीटर खाली विहीर उघडी पडली आणि ८७ दिवस वाहत राहिली.

मी हे का लिहितोय, तर आमचं रोजचं काम हेच असतं. ट्रिप टँकची, म्हणजे विहिरीत जाणारं-येणारं मड मोजायच्या छोट्या टाकीची, पातळी बघायची. पाइप बाहेर काढला की तेवढ्याच आकारमानाचं मड विहिरीत गेलं पाहिजे. कमी गेलं तर समजायचं, खालून कोणीतरी जागा भरतंय. रात्री तीन वाजता, पावसात, ड्रिलरला लवकर उरकायचं असतं आणि तुमच्या वहीत अर्ध्या बॅरलचा फरक येतो. पोरं काय करतात? फरक खोडून जुळवतात. मीही सुरुवातीला केलंय. एका म्हाताऱ्या टूलपुशरने (ड्रिलरच्या वरचा साहेब) वही हातातून घेतली, काही बोलला नाही, पान फाडलं आणि पंप बंद करून पुन्हा मोजायला लावलं. ड्रिलर शिव्या घालत होता. पाऊण तास गेला. फरक निघाला गळक्या व्हॉल्व्हचा, विहिरीचा नव्हे. टूलपुशर म्हणाला, "ठीक आहे, चला."

तो पाऊण तास, रिगच्या भाड्याच्या हिशेबात, माझ्या वर्षाच्या पगाराच्या आसपास असेल. सडेतोडसाहेब, नियम कमी करा म्हणता तेव्हा पहिला जाणारा नियम हाच असतो.

---

वाचनमात्र

बाप रे. _/\_

---

पानेवाडीकर

मी मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोत तीसेक वर्षं काढली, आता निवृत्त. समुद्रातलं कळत नाही, पण मापातलं कळतं. डेपोत सगळी भांडणं डीपवर होतात. टँकरच्या झाकणातून डीपरॉड सोडायचा, ओली रेघ बघायची, तापमान लावायचं. ड्रायव्हर म्हणतो भरलाय, पंपवाला म्हणतो दोन इंच कमी. म्हणून नियम एकच: ज्याचा माल, त्याच्या एकट्याच्या मापावर कोणी सही करत नाही. समोरचा माणूस हजर पाहिजे.

चौदा दिवसांनी त्या अमेरिकी विहिरीचं लिहिलं. तेव्हा पेपरात आलेले आकडे मी वहीत टिपून ठेवले होते, सवय जात नाही. पहिल्या दिवसांत सांगितलं, रोज १,००० बॅरल. चार दिवसांनी ५,०००. शेवटी सरकारी शास्त्रज्ञांचा हिशेब आला, सुरुवातीला ६२,००० आणि शेवटाकडे ५३,०००.

एक बॅरल १५९ लिटर. आपला मोठा टँकर २०,००० लिटरचा धरा. म्हणजे आधी म्हणाले रोज आठ टँकर सांडतायत. मग म्हणाले चाळीस. निघाले पावणेपाचशेच्या आसपास. पानेवाडीच्या फाट्यावर पावणेपाचशे टँकर एकामागे एक उभे केले तर रांग कुठवर जाईल ते मनमाडकरांना सांगायला नको. आठ टँकर म्हणून ज्याने तयारी केली, तो बादल्या किती आणेल?

---

चौदा_दिवस

काका, लाखाची गोष्ट. आणि यात मेख अशी की तिकडे दंड बॅरलवर होता. साधी चूक असेल तर बॅरलमागे १,१०० डॉलरपर्यंत, घोर निष्काळजीपणा ठरला तर ४,३०० पर्यंत. म्हणजे प्रत्येक बॅरल कमी मोजण्यात कुणाचा फायदा होता ते सांगायला नको. २०१४ मध्ये न्यायाधीशांनी घोर निष्काळजीपणा ठरवला, आणि २०१५ मध्ये सांडलेलं तेल ३१.९ लाख बॅरल धरलं. सरकारचा दावा याहून मोठा होता, कंपनीचा लहान. २०१६ ला सगळं मिळून २०.८ अब्ज डॉलरवर तडजोड झाली.

उचलण्याचंही सांगतो. हजारो बोटी, तरंगते बांध, जाळपोळ, विमानातून रसायनाची फवारणी, सगळं करून झालं. सरकारी ताळेबंदात पृष्ठभागावरून खरवडून गोळा केलेलं तेल ३ टक्के, जाळलेलं ५ टक्के. विहिरीच्या तोंडाशी थेट पकडलेलं १७ टक्के. म्हणून आमच्यात म्हणतात, एकदा पाण्यावर पसरलं की ते तेल गेलं.

आपल्या पावसाळ्यात तर बांधही टिकत नाहीत. दीड मीटरची लाट आली की तेल बांधावरून उडी मारून पलीकडे.

---

थॉमसन_सीडलेस

निफाडहून. मी द्राक्षवाला, तेलाशी संबंध डिझेलपंपापुरता. पण मापाचा विषय निघालाय म्हणून.

२०१० चा हंगाम इथल्या कुणालाही विचारा. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचे अंश सापडले. त्याला आम्ही सीसीसी म्हणतो, काडी आखूड राहावी म्हणून मारायचो. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले, लोकांची वर्षाची कमाई कुजली. आपल्याकडे तपासणी होत होती, प्लॉटची नोंदणी होती, प्रयोगशाळांचे दाखले होते. पण तपासायच्या यादीत तेच एक औषध नव्हतं. आम्ही सगळे नियम पाळून बुडालो.

त्यानंतर यादी वाढली, नमुने वाढले, आणि आम्ही कटकट करत ते पाळतो. आज कंटेनर परत येत नाही तो त्या कटकटीमुळे. तेव्हा सडेतोडभाऊंना एवढंच, की नियम धंद्याच्या आड येतात हे अर्धसत्य आहे. तपासणारा कोण आणि त्याच्या यादीत काय आहे, हे जास्त महत्त्वाचं.

म्हणून माझा प्रश्न चौदा दिवसांना: तिकडे त्या विहिरीवर तपासणारा कोण होता?

---

चौदा_दिवस

नेमक्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. मिनरल्स मॅनेजमेंट सर्व्हिस नावाचं खातं होतं. हेच खातं समुद्राचे तुकडे कंपन्यांना भाडेपट्ट्यावर द्यायचं, हेच रॉयल्टी गोळा करायचं, आणि हेच सुरक्षा तपासायचं. रॉयल्टी अब्जावधी डॉलरची. आखातात तीनेक हजार प्लॅटफॉर्म आणि साठाच्या आतबाहेर निरीक्षक. २००८ मध्येच त्यांच्या महानिरीक्षकांनी अहवाल दिला होता की रॉयल्टी विभागातले काही लोक कंपन्यांकडून भेटवस्तू घेतात, त्यांच्या पार्ट्यांना जातात. तरी खातं होतं तसंच.

आणि कंपनीचा गळतीविरोधी आराखडा त्या खात्याने मंजूर केलेला. त्यात संरक्षण करायच्या प्राण्यांमध्ये वॉलरस होते. वॉलरस बर्फाळ समुद्रात राहतात, मेक्सिकोच्या आखातात एकही नाही. दुसऱ्या कुठल्या तरी आराखड्यातून उचललेलं पान. संपर्कासाठी दिलेल्या तज्ज्ञांत एक प्राध्यापक आधीच वारलेले. हे मंजूर करणाऱ्याने वाचलं असेल असं तुम्हाला वाटतं?

अपघातानंतर खात्याचे तुकडे केले. पैसे गोळा करणारे वेगळे, भाडेपट्टे देणारे वेगळे, सुरक्षा बघणारे वेगळे. ब्रिटनने हे धडे आधीच घेतले होते: १९८८ मध्ये पायपर अल्फा प्लॅटफॉर्मच्या आगीत १६७ माणसं गेली, चौकशी झाली, आणि सुरक्षेचं काम ऊर्जा खात्याकडून काढून कामगार-सुरक्षेच्या यंत्रणेकडे दिलं. अमेरिकेला तेच करायला आणखी बावीस वर्षं आणि अकरा माणसं लागली.

खरं तर त्यांचा पहिला इशारा १९६९ चा, सांता बार्बाराचा. तिथे विहिरीला किती खोलवर पोलादी नळी घालायची याचा नियम होता. कंपनीने सूट मागितली, सरकारी खात्याने दिली, आणि विहिरीने बाजूच्या भेगांतून तेल ओकलं.

---

सडेतोड

अमेरिका, ब्रिटन, वॉलरस. आपलं बोला की.

---

सीबीएसचा_वकील

बोलतो. मॅटर उरकले.

आपल्याकडे तेलक्षेत्राची सुरक्षा बघणारं संचालनालय पेट्रोलियम मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ब्लॉक (तेल शोधायला द्यायचे तुकडे) देण्याचं काम करणारं महासंचालनालयही त्याच मंत्रालयाच्या अखत्यारीत. दोघांची कार्यालयं वेगळी, पण वर एकच घर. थॉमसनभाऊंच्या प्रश्नाचं उत्तर मी इथवरच देतो, बाकी आपापलं समजून घ्यावं.

तेलक्षेत्राचा मूळ कायदा १९४८ चा. नियम मोडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड. हो, एक हजार. २०२५ च्या दुरुस्तीत कैद गेली आणि दंड २५ लाखांपर्यंत झाला, चूक चालू राहिली तर दिवसाला १० लाखांपर्यंत. सडेतोडसाहेबांना कैद गेल्याचा आनंद होईल, मला दंड वाढल्याचा झाला. अर्थात मुंबई हायच्या आकाराच्या कारभारात २५ लाख म्हणजे काय ते चौदा दिवस सांगतीलच.

आता भरपाई. इथे कायद्यात एक भलंमोठं भोक आहे जे फार कुणाला माहीत नसतं. तेलवाहू जहाजातून माल सांडला तर आंतरराष्ट्रीय करार आहेत, १९९२ चे: आधी जहाजमालकाचा विमा, तो पुरला नाही तर आयातदारांच्या वर्गणीतून उभा राहिलेला निधी. भारत त्यात आहे. साध्या मालवाहू जहाजाचं इंधन सांडलं तर त्यासाठी वेगळा करार, विम्यापुरता, मागे निधी नाही. आणि प्लॅटफॉर्मवरून किंवा विहिरीतून सांडलं तर? जगभर लागू होईल असा एकही भरपाईचा करार नाही. त्या त्या देशाने आपापलं बघावं. तेल शेजारच्या देशात गेलं तर भांडत बसावं.

तसं भांडण झालंही आहे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बाजूच्या तिमोर समुद्रात मोंटारा विहीर ७४ दिवस वाहिली. पलीकडे इंडोनेशियातले गरीब शेवाळशेतकरी, दोरीला समुद्री शेवाळ लावून पिकवणारे. त्यांचं पीक पांढरं पडून गळालं. कंपनी म्हणाली, आमचं तेल तिथवर पोचलंच नाही. पंधरा हजारांवर शेतकऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या कोर्टात दावा लावला, २०२१ मध्ये कोर्टाने मुख्य शेतकऱ्याच्या बाजूने निकाल दिला, आणि २०२२ च्या अखेरीस १९.२५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरवर मिटलं. तेरा वर्षं.

घरचं उदाहरण: ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईसमोर रॅक कॅरियर बुडालं, पोटात ६० हजार टन कोळसा आणि इंधन तेल. हरित लवादाने २०१६ मध्ये जहाज कंपनीला १०० कोटींचा पर्यावरण भरपाईचा आदेश दिला. रॅक कॅरियर बुडण्याच्या आदल्या वर्षी, ७ ऑगस्ट २०१० ला, मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ यांची टक्कर झाली होती. सुमारे ८०० टन तेल सांडलं, शिवाय कंटेनर पाण्यात, त्यातले काही कीटकनाशकांचे. कोळ्यांची बोट निघायची वेळ आणि मासे घेऊ नका म्हणून जाहीर झालं.

---

पंचवटीतली_सुरमई

ते आठवतंय! आम्ही सीकेपी, पंचवटीत राहून मासे खातो म्हणून आधीच शेजारपाजार नाक मुरडतो. त्या महिन्यात बाजारातल्या मावशींकडे पापलेट पडून होतं, कुणी घेईना. मावशी रडकुंडीला येऊन सांगत होत्या, हे वेरावळचं आहे, मुंबईचं नाही. मी वास घेऊन घेऊन शेवटी नाहीच घेतलं. आता वाईट वाटतं. त्या मावशींना कुठल्या करारात भरपाई मिळाली असेल?

---

सीबीएसचा_वकील

ताई, कुठल्याच नाही. ज्याची बोट बंद राहिली त्याला निदान दावा लावता येतो. नाशकातल्या पाटीवालीचं नुकसान "फार लांबचं" ठरतं.

---

इंजिनरूम

वकीलसाहेबांच्या यादीत दोन भर. जानेवारी २०१७, चेन्नईजवळ एन्नोर. दोन जहाजांची टक्कर. सुरुवातीला सांगितलं गेलं की तेल सांडलंच नाही. मग किनारा काळा झाला. तटरक्षक दलाचा अंदाज गेला २५१ टनांवर. आराखड्याच्या पायऱ्यांत बघा, ही पहिलीच पायरी, स्थानिक साधनांची. आणि स्थानिक साधनं म्हणजे काय, तर कोळी आणि कॉलेजची पोरं प्लास्टिकच्या बादल्यांनी चिखलासारखं तेल उपसत होती. गाळ ओढणारी यंत्रं आणली ती त्या घट्ट लगद्यापुढे चालेनात.

दुसरं मे २०२५, केरळसमोर एमएससी एल्सा-३. ६४० कंटेनर, टाक्यांत ३६७ टन फर्नेस ऑइल आणि ८४ टन डिझेल. तेलापेक्षा लोकांना जास्त छळलं ते प्लास्टिकच्या बारीक दाण्यांनी, साबुदाण्यासारखे, किनारे भरून. केरळ सरकारने ९,५३१ कोटींचा दावा लावला आणि त्याच कंपनीगटाचं दुसरं जहाज कोर्टाकडून अडकवून ठेवलं. हे बेस्ट. मालक पनामात असो की आणखी कुठे, जहाज अडकलं की वकील धावत येतात.

आणि ताई, तुमच्या डबीबद्दल. टारबॉल कुठल्या तेलाचा हे प्रयोगशाळेत शोधता येतं. तेलात होपेन नावाची संयुगं असतात, ती सहजासहजी कुजत नाहीत, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक तेलक्षेत्राचं वेगळं. बोटांच्या ठशासारखं. गोव्याची समुद्रविज्ञान संस्था असलं काम करते. त्यामुळे तुमचा गोळा हा खरा तर पुरावा आहे.

फक्त नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा लागतो, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल, थंड जागी, वर तारीख-वेळ-ठिकाण. प्लास्टिक चालत नाही. आणि चिवड्याची डबी तर अजिबात नाही. आता त्यात मुंबई हाय सापडो न सापडो, शेंगदाणा तेल नक्की सापडेल.

---

पानेवाडीकर

डबी कुणाच्या चिवड्याची होती तेही निघेल का त्या होपेनवरून?

---

सडेतोड

बरं, काकांचा टँकरचा हिशेब मान्य. मोजणारा वेगळा हवा, इथवर मी तुमच्यासोबत. परवान्यांचं माझं म्हणणं कायम आहे.

---

चौदा_दिवस

चालेल साहेब. परवान्यांना आम्हीही वैतागतो, ते तुम्ही करा कमी. ट्रिप टँकची वही तेवढी राहू द्या. परवा निघतोय, पुढचे चौदा दिवस प्रतिसाद येणार नाही.

---

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. दोनदा वाचला धागा, वर्गात टँकरचं गणित घालणार आहे.

डबीचं विचाराल तर ती फ्रीजवर होती. नाशकातला मे महिना, गोळा वितळून डबीच्या तळाला पसरला, आता निघत नाही. पुरावा गेला.

पण काल बोर्डीच्या काकूंना फोन केला होता, लेकीची चप्पल राहिली तिकडे म्हणून. इंजिनरूमनी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं. आज सकाळी त्यांचा फोटो आला: मुरांब्याच्या रिकाम्या तीन काचेच्या बरण्या, उकळून वाळवलेल्या, तोंडाला फॉइल, प्रत्येकीवर मुलाच्या वहीतलं लेबल. "३० मे, सकाळी ६, भरतीची रेघ, सुरूच्या बनासमोर." खाली लिहिलंय, "कुठे पाठवायच्या ते तेवढं विचारून ठेव."

वकीलसाहेब, सांगा.